येनेंगाच्या बापाची बाजू

वागादुगू,
२४ नोव्हेंबर १९९१

ती. तेनेआत्यास,
बालके नोपोकोचा शि. सा. न. वि. वि.

घर कसं आहे, घरातली माणसं कशी आहेत, बाबांची घोडी कशी आहे, तुझा गुडघा काय म्हणतोय, हे सगळं मी रीतसर विचारलं असं समज. आणि सगळं बरं आहे असं तू रीतसर सांगितलंस असं मी समजते. एरवी मी सगळं एकेक करून विचारते, पण आज मला तेवढा धीर नाही.

आत्या, मी लग्न करायचं म्हणते. हातातला वडा आधी कढईत सोड आणि मग पुढचं वाच. मुलगा एव्हारिस्त तोए. होय, तोच. आपल्या दारासमोर ज्याच्या बापाचं सायकल दुरुस्तीचं खोपट आहे, त्या बार्नाबेकाकांचा एव्हारिस्त. लहानपणी माझ्या वेण्यांना ग्रीस लावणारा. तो इथे एका छापखान्यात यंत्रावर असतो. मी ज्या औषधांच्या दुकानात उभी असते तिथे तो गेले काही महिने डोकेदुखीच्या गोळ्या न्यायला यायचा. आपण मोसी आणि ते सामो, एकमेकांना गुलाम म्हणून चिडवायचं आणि कुणी रागवायचं नाही ही पिढ्यांची रीत, म्हणून मी म्हटलं, एवढं डोकं दुखायला सामो माणसाकडे आधी डोकं असावं लागतं. तो म्हणाला, आमच्या गुलामांच्या मुली फार माजल्यात, हिला घरी नेऊन सरळ करावी लागेल. मी म्हटलं, ने की. आणि तो हसलाच नाही. तू विचार कर, सामो माणूस मोसी मुलीसमोर उभा आहे आणि हसत नाही. तेव्हा मला कळलं की तो खरंच विचारतोय, आणि मीही खरंच हो म्हणून बसले आहे.

आता अडचण ऐक. याको गावचा तो साल्फो, ज्याच्या घरच्यांचे ट्रक आहेत, त्याची माणसं आपल्या राजाच्या, नाबांच्या, मुजऱ्याचा सण झाला की आपल्याकडे मागणीच्या कोलाच्या बिया घेऊन येणार आहेत. बाबांनी त्यांच्या हातची एक बी जरी फोडून तोंडात टाकली, तरी शब्द गेला. साल्फो वाईट माणूस नाही गं. पण त्याच्यासमोर मी बसते तेव्हा पाहुणी बसल्यासारखी बसते, आणि जन्मभर असं पाठ ताठ करून मला बसवणार नाही.

म्हणून बार्नाबेकाका येत्या शुक्रवारी आपल्याकडे मागणी घालायला येणार आहेत. धर्माचा प्रश्न कुणी काढणार नाही, आपल्या एका अंगणात मशीदवाले, चर्चवाले आणि झाडाला कोंबडा देणारे तिन्ही जेवतात. तू फक्त तिथे बस आणि गोष्ट नीट मार्गी लाव. आई गेल्यापासून माझ्या बाजूने बोलायला तूच आहेस, आणि आपल्यात आत्याचा शब्द बापही ओलांडत नाही.

तुझ्या मायेवर जगणारी,
नोपोको

---

गुर्सी,
१ डिसेंबर १९९१

चि. नोपोकोस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. वडा कढईत सोडला होता, तो तिथेच करपला. तू माझं नुकसान करायला वागादुगूत बसलीस तरी करतेस.

शुक्रवारचं सांगते, आधी पाणी पी. बार्नाबे आला तो धुतलेला सदरा घालून. मी त्याला इतकी वर्षं पाहते आहे, तो सदरा मी पहिल्यांदा पाहिला. एका हातात कोलाची पुडी, दुसऱ्या हातात पाय बांधलेली पांढरी कोंबडी, आणि मागे त्याच्याकडचे दोन म्हातारे. तुझा बाप घोडीला खरारा करत होता. त्याने वर पाहिलं आणि म्हणाला की आज गुलाम आंघोळ करून आलाय, म्हणजे कुणाचं तरी कुत्रं हरवलेलं दिसतंय. सामो कुत्री खातात ही त्याची जुनीच थट्टा. झालं. अंगणात हशा.

बार्नाबेने गप्प बसायचं होतं की नाही? त्याने नुसतं खाली बसून जमिनीला हात लावला असता तरी काम झालं असतं. पण मोसीने टाकलेली थट्टा सामोने खाली पडू द्यायची नाही, हे त्याच्या हाडात मुरलेलं. तो म्हणाला की कुत्रं नाही, आमची एक दासी तुमच्याकडे राहिली आहे, ती नोपोको, तिला न्यायला आलोय. तुझा बाप लोळायचाच बाकी राहिला. म्हणाला, देतो की, पण फुकट नाही. गोष्टीतल्या तुमच्या त्या शिकारी रिआलेने हत्ती मारले म्हणता ना, मग आधी हत्तीचा एक सुळा आणून टाक.

मग काय, दोघांचा नेहमीचा तमाशा सुरू झाला. बार्नाबे म्हणे की रिआले आमच्याच रक्ताचा, राजकन्या येनेंगा घोड्यावर बसून रानात आली ती आमच्या माणसाच्या झोपडीत, त्या दोघांच्या पोरापासून तुमचा वंश, तेव्हा तुम्ही सगळे मोसी आमची भाचरं आणि पोरंबाळं. तुझा बाप म्हणे की येनेंगा कशाला येतेय, घोडाच उधळला, आणि घोड्याला काय कळतंय कुणाच्या दारात थांबायचं. शेजारपाजारचे गोळा झाले. बरोबरचे दोन म्हातारे सुद्धा हसून हसून डोळे पुसायला लागले. मी मध्ये तोंड घातलं, म्हटलं दादा, ही थट्टा नाही, नीट ऐक. तर तो म्हणाला, बघा, सामोने माझ्या बहिणीलाही फोडलं.

शेवटी बार्नाबे कोला आणि कोंबडी ठेवून गेला. तुझ्या बापाने कोंबडी खुराड्यात सोडली, पुडी फळीवर ठेवली, आणि संध्याकाळपर्यंत येईल त्याला सांगत होता की बार्नाबेने आज कमाल केली, चक्क मागणी घालायचं सोंग आणलं.

मी दुसऱ्या दिवशी बार्नाबेच्या खोपटात गेले आणि त्याला चांगलं फैलावर घेतलं. तो चाकाच्या तारा आवळत होता. म्हणाला की तेने, सगळं ठरवून आलो होतो. पण सोयरीक झाली की व्याह्याला चिडवायचं नसतं, हे तुलाही माहीत आहे. उद्यापासून यांबाला दादा म्हणायचं, त्याच्यासमोर मान खाली घालायची. म्हणून वाटलं, शेवटचं एकदा तोंड मोकळं करून घेऊ. आणि मग थांबताच आलं नाही. एवढं बोलून त्याने नवी कोरी तार तोडली.

आता तूच बापाला सरळ लिही. तुझं अक्षर त्याला खोटं वाटणार नाही. माझंही अक्षर आता बरं झालंय, प्रौढांच्या वर्गातल्या बाई म्हणतात की तेनेबाई लिहितात तेव्हा कागद घाबरतो.

लोभ तर आहेच, थोडी अक्कल पाठवता आली असती तर तीही पाठवली असती.
तुझी आत्या,
तेने

---

वागादुगू,
६ डिसेंबर १९९१

ती. बाबांस,
नोपोकोचा शि. सा. न. वि. वि.

तुम्ही दरवर्षी नाबांच्या मुजऱ्याला येनेंगाची गोष्ट सांगता. राजाची लेक, भाला फेकण्यात एकही पुरुष तिच्या तोडीचा नाही, आणि म्हणूनच बाप तिचं लग्न करून द्यायला तयार नाही. तिने बापाला समजावं म्हणून शेत पेरलं, पीक वाढू दिलं, आणि कापलंच नाही. उभ्या पिकाचा कुजका वास राजाच्या नाकात गेला तेव्हा त्याने विचारलं, हे काय. ती म्हणाली, हे मी.

बाबा, वागादुगूत माझ्याकडे शेत नाही, भाड्याची एक खोली आहे. म्हणून सरळ लिहिते. बार्नाबेकाका थट्टा करायला आले नव्हते. मला एव्हारिस्तशी लग्न करायचं आहे. याकोच्या माणसांचा कोला तुम्ही घेऊ नका.

तुमची थट्टा मला आवडते, तुम्हाला ठाऊक आहे. पण या एका पत्राला थट्टेने उत्तर देऊ नका, एवढं मागते.

तुमची,
नोपोको

---

गुर्सी,
१२ डिसेंबर १९९१

चि. नोपोको हिस,
यांबा वेद्राओगो याचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. अक्षर सुरेख, मजकूर त्याहून सुरेख. बार्नाबेने तुला सुद्धा आपल्या नाटकात घेतलं हे पाहून त्याच्या डोक्याला मानलं. मोसी माणसाकडून शिकला असणार.

इकडे धुळीचा वारा सुटला आहे. सकाळी घोडी काळी असते, दुपारी पांढरी होते. सणाची तयारी जोरात आहे. मला नवा झगा शिवला आहे, त्यात मी इतका भारदस्त दिसतो की परवा एका शेळीने वाट सोडली. बार्नाबेने खोपटावर पाटी लावली आहे की मोसींच्या सायकली दुरुस्त करून मिळणार नाहीत, त्यांना नाबासमोर गुडघ्यावर चालायची सवय आहेच. मी खाली खडूने लिहून आलो की इथे पंक्चर काढून मिळत नाही, करून मिळतं. दोन दिवस गिऱ्हाईक वाचून हसतंय आणि पुढच्या खोपटात जातंय.

बसवाल्याबरोबर भाजलेल्या शेंगा पाठवल्या आहेत. जपून राहा. याकोच्या लोकांचं काय ते सणानंतर पाहू.

तुझ्या खुशालीची वाट पाहणारा,
बाबा

---

वागादुगू,
१५ डिसेंबर १९९१

ती. तेनेआत्यास,
नोपोकोचा शि. सा. न. वि. वि.

बाबांनी मला शेंगा पाठवल्या. आयुष्याचा प्रश्न विचारला, शेंगा आल्या. मी रडत रडत सगळ्या संपवल्या, कारण भाजल्या छान होत्या.

एव्हारिस्त म्हणतो की तो स्वतः येऊन बाबांच्या पाया पडेल. मी म्हटलं, खुळ्या, तू पाया पडलास तर ते म्हणतील सामोचं काहीतरी खाली पडलंय, शोधतोय. आमच्या दोघांचं हे असं झालंय. शिवी दिली तर खेळ, माफी मागितली तर मोठा खेळ, आणि मी ओरडले तर त्याहून मोठा. आमचं खरं कुणी ऐकतच नाही.

गंमत म्हणून एक सांगते. काल एव्हारिस्त म्हणाला, पळून जायचं का, येनेंगासारखं? मी म्हटलं, तिच्याकडे घोडा होता, तुझ्याकडे बापाने दिलेली मागचा ब्रेक नसलेली सायकल आहे. तो म्हणाला, मग तर थांबायचा प्रश्नच नाही. मी हसले, आणि मग रात्री उशी ओली केली. मला पळून जायचं नाही, आत्या. मला बाबांच्या अंगणातून निघायचं आहे, सगळ्यांसमोर, तू माझ्या पुढे चालत असताना.

सण दोन आठवड्यांवर आला. काही कर.

तुझीच,
नोपोको

---

गुर्सी,
१९ डिसेंबर १९९१

चि. नोपोकोस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

पोरी, तुझ्या बापाला सगळं पहिल्या दिवसापासून कळलेलं आहे.

हे मला कसं समजलं ते ऐक. फळी झाडायला घेतली आणि बार्नाबेची कोलाची पुडी हाताला लागली. तशीच्या तशी, दोरा सुद्धा सुटलेला नाही. आता तू आठव. थट्टेच्या नात्यात आलेली भेट अशी पडून राहते का? गेल्या वर्षी बार्नाबेने याला जुनी सायकलची सीट पाठवली, राजाचं सिंहासन म्हणून. याने त्याच दिवशी घोडीच्या लिदीचा गोळा केळीच्या पानात बांधून पाठवला, सामोच्या लग्नाचा लाडू म्हणून. थट्टा आली की उलट थट्टा सूर्य मावळायच्या आत जायला हवी, नाहीतर माणूस हरला. आणि या पुडीला तीन आठवडे झाले. ना त्याने फोडून खाल्ली, ना उलट काही पाठवलं. कारण ही थट्टा नाही हे त्याला पक्कं माहीत होतं, आणि हो म्हणायचंही नव्हतं.

मी पुडी नेऊन त्याच्या ताटाशेजारी ठेवली. बाजरीचा घाटा, वर भेंडीचं कालवण, बाजूला पुडी. म्हटलं, दादा, जेव. त्याने पुडीकडे पाहिलं आणि हात धुतला. मी म्हटलं, एव्हारिस्तमध्ये काय खोट आहे ते सांग. तो म्हणाला, काही नाही, गुणी पोरगा आहे. मग बार्नाबेत? म्हणाला, बार्नाबेत काय खोट असणार. मग घाट्यात बोट फिरवत बोलला ते तुला जसंच्या तसं लिहिते.

"तेने, तो व्याही झाला की मला दादा म्हणेल. तब्येत विचारेल आणि निघून जाईल. मग मला माणसांत कोण ठेवणार? आणि मी मेलो तर? आमचं ठरलं आहे, जो आधी जाईल त्याच्या तिरडीवर दुसरा आडवा पडेल आणि म्हणेल की हा माझा गुलाम, पैसे दिल्याशिवाय नेऊ देणार नाही. सगळी रडणारी माणसं हसली पाहिजेत. व्याही तसं करू शकत नाही. व्याही नुसता रडायला येतो."

मला खरं तर त्याच्यावर आग पाखडायची होती. पण वहिनी गेली तेव्हाचं आठवलं. अंगणात तो दगडासारखा बसला होता, ना बोलत होता, ना पाणी घेत होता. बार्नाबे आला, वहिनीचं लुगडं डोक्यावरून घेतलं आणि तिच्याच आवाजात तुझ्या बापाला ओरडला की मेल्या, घोडीला पाणी पाजलंस का. तेव्हा कुठे हा हसला आणि मग रडला. तू लहान होतीस. म्हणून राग गिळला आणि एवढंच म्हटलं, मयताला ऐकू येत नाही दादा, लेकीला येतं. ती तिकडे कान लावून बसली आहे.

तो उठून घोडीकडे गेला. मी त्याच्या मागे गेले नाही, कारण त्याला जास्त ढकललं की तो थट्टेत पळतो, आणि तिथे मला त्याला पकडता येत नाही. याकोहून निरोप आला आहे, सणाच्या चौथ्या दिवशी येतो म्हणून. त्याच्या आत मी आहे आणि तो आहे. तू जेवत जा.

तुझी,
आत्या

---

गुर्सी,
३० डिसेंबर १९९१

चि. नोपोकोस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र बसवाल्याच्या हातात देऊन मी त्याला बजावलं आहे की आजच पोचलं नाही तर पुढच्या वेळी वड्यात मिरच्याच मिरच्या घालीन.

काल नाबांचा मुजरा झाला. ढोल, घोडे, बंदुकीचे बार, धूळ, सगळं दरवर्षीचं. नाबा आसनावर, सगळं गाव जमिनीवर, आणि तुझा बाप नव्या झग्यात गोष्ट सांगायला उभा. मी बायकांत पुढे बसले होते. समोर सामो लोकांचा घोळका, त्यात बार्नाबे, पुन्हा तोच धुतलेला सदरा घालून.

तुला ठाऊक आहे, तुझा बाप राजाला एका वाक्यात उरकतो. राजा म्हणाला, माझी लेक माझा उजवा हात, लग्न नाही. की लगेच घोडा. लोकांनाही घोडाच हवा असतो. काल तो राजापाशी आला आणि थांबला. मला वाटलं विसरला, मी ओठ हलवून दाखवले सुद्धा. मग तो म्हणाला की मी इतकी वर्षं ही गोष्ट सांगतोय, येनेंगाचं मन काय म्हणत होतं ते पोरासोरांना पाठ आहे, पण त्या राजाला कुणी विचारलं का, की बाबा, तुला भीती कशाची वाटते? लढाईत त्याच्या डाव्या अंगाला घोडा घालणारं एकच माणूस होतं. ते गेलं की दुसरं कुठून आणायचं? एवढ्यासाठी त्याने दार लावून घेतलं. आणि मिळालं काय? लेक गेली ती गेली, वर चांगला घोडाही गेला. लोक हसले. तो हसला नाही.

पुढे तो रानात शिरला. रात्रभर धावून घोडा दमलेला, झोपडीच्या दारात हत्तींचा शिकारी रिआले, त्याने लगाम धरला, स्वाराने शिरस्त्राण काढलं आणि आत बाईमाणूस. एरवी आपल्या अंगावर काटा येतो ती जागा. तेवढ्यात, दरवर्षीप्रमाणे, बार्नाबे उठला आणि ओरडला की रिआले आमचा होता, गुलामांनो, नीट सांगा. सगळं गाव कान टवकारून बसलं, कारण यावर तुझ्या बापाची शिवी ऐकायलाच अर्धे लोक येतात.

तुझ्या बापाने डोक्यावरची टोपी काढली. चालत बार्नाबेपर्यंत गेला, त्याच्यासमोर खाली बसला, आणि जमिनीला हात लावला. आणि नाबांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला, "खरं आहे, बार्नाबेदादा. तो तुमच्याच घरचा होता. आमची मुलगी तुमच्याकडे सुखात राहिली."

पोरी, ढोलवाल्याचा हात वरच राहिला. मागून एक पोरगा फिदीफिदी हसला, त्याला मी तिथूनच चप्पल दाखवली. पण बाकी कुणी हसलं नाही. आपल्या थट्टेकऱ्याला चारचौघांत दादा म्हणणं म्हणजे काय, हे तिथे कुणाला सांगावं लागलं नाही. बार्नाबेच्या तोंडात पुढची शिवी तयार होती, मला दिसत होती. ती त्याने गिळली. मग तोही खाली बसला, जमिनीला हात लावला आणि हळूच म्हणाला की तुमचा मान मोठा, यांबादादा. त्यानंतर दोघं समोरासमोर बसून राहिले. दोघांनाही उठावं कसं ते कळेना, कारण आधी कोण उठतो यावर ते आजवर भांडत आले होते. शेवटी नाबांनीच हसून ढोलाला खूण केली.

घरी येऊन त्याने फळीवरची पुडी काढली, बी फोडली, अर्धी मला दिली आणि अर्धी स्वतः खाल्ली. कोला इतक्या दिवसांत वाळून खडक झाला होता. मला एका बाजूने चावता येत नाही, तरी मी खाल्ला. याकोला आज सकाळीच माणूस आणि मेंढा रवाना केला आहे, त्यांचा मान राखून, की आमची मुलगी आधीच दिली गेली.

तू आता रडणार हे मला माहीत आहे. रड. पण औषधांच्या दुकानात नको, गिऱ्हाईक घाबरेल. लग्नात तुझ्या पुढे मी चालणार, गुडघा गेला खड्ड्यात.

तुझी आणि आता तोए मंडळींची सुद्धा,
आत्या

---

गुर्सी,
१५ एप्रिल १९९२

चि. सौ. नोपोको हिस,
बाबांचे अनेक आशीर्वाद. जावईबापूंना नमस्कार.

लग्न होऊन तू गेलीस त्याला दोन महिने झाले. आंबे उतरायला लागले आहेत, ऊन असं की घोडी सावली सोडत नाही. तुझी आत्या बरी आहे, म्हणजे ओरडते आहे.

मी पत्र लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही घडतच नव्हतं. व्याही होणं हे फार कंटाळवाणं काम आहे, हे मी तुला लग्नाआधी सांगायला हवं होतं. बार्नाबेदादा दर शुक्रवारी इस्त्रीचा सदरा घालून येतात. तब्येत विचारतात. मी म्हणतो बरी आहे. मी त्यांची विचारतो. तीही बरी असते. मग आम्ही दोघं कोंबड्यांकडे बघत बसतो. गेल्या शुक्रवारी एक कोंबडी अंडं घालून ओरडली, तेवढाच विषय झाला. ते गेले की मी आत जाऊन पडतो. खोपटावरची पाटी त्यांनी स्वतःच्या हातांनी पुसली. गिऱ्हाईकं विचारतात की तुमच्यात कुणी गेलं का.

पुष्कळदा वाटलं की मी चुकलो. तू सुखात आहेस हे वाचलं की वाटायचं की नाही चुकलो. मग शुक्रवार यायचा, आणि पुन्हा वाटायचं.

तर काल काय झालं. बार्नाबेदादांनी सामान आणायला एक गाढव घेतलं आहे. मी दारात बसलो होतो. ते गाढवाला घेऊन आले, बरोबर माझ्यासमोर त्याला थांबवलं, माझ्याकडे न पाहता त्याच्या कानाशी वाकले आणि बोलू लागले. म्हणाले, अरे गुलामाच्या गुलामा, नाबाने नवा झगा दिला म्हणून कान एवढे वर करतोस? बहिणीच्या जिवावर वडे खातोस आणि सणाला उभा राहून लोकांना राजाराणीच्या गोष्टी सांगतोस? तुझी ती म्हातारी घोडी तुझ्यापेक्षा शहाणी आहे, निदान तोंड मिटून चरते. आणि ऐकून ठेव, तू आधी मेलास तर तुला असा सुखासुखी नेऊ देणार नाही, तुझ्यावर आडवा पडेन.

मी आजूबाजूला पाहिलं. गाढवाने कधी सणाला गोष्ट सांगितल्याचं माझ्या ऐकिवात नाही. पण तक्रार करायला जागा नव्हती. व्याह्याने मला एक अक्षर वावगं बोललेलं नव्हतं. गाढव त्यांचं, तोंड त्यांचं. मग त्यांनी सरळ उभं राहून माझ्याकडे पाहिलं, छातीवर हात ठेवला आणि अदबीने विचारलं की दादा, तब्येत बरी ना. मी म्हटलं, आजच्या इतकी बरी कधीच नव्हती. तुझ्या आत्याने कढई उतरवून ठेवली, कारण हसू आवरत नव्हतं.

मी सावकाश उठलो, घसा साफ केला, खुराड्यातून सगळ्यात मोठा कोंबडा काढला आणि त्याला काखेत घेऊन रस्ता ओलांडून खोपटासमोर जाऊन उभा राहिलो. त्या कोंबड्याला मी काय काय म्हणालो ते सासऱ्याबद्दल सुनेने ऐकायचं नसतं, म्हणून लिहीत नाही.

शुक्रवारची वाट पाहणारा,
तुझा बाबा,
यांबा